छिन्नमनस्कतेला नाव देणारा झोलिकॉनचा डॉक्टर

‘छिन्नमनस्कता’ हा शब्द संस्कृत वळणाचा असल्यामुळे जुना वाटतो. प्रत्यक्षात त्याचे मूळ एका जर्मन व्याख्यानात आहे. २४ एप्रिल १९०८ रोजी बर्लिन येथे जर्मन मनोविकारतज्ज्ञांची सभा भरली होती. तेथे झुरिकहून आलेल्या एका प्राध्यापकाने तोवर प्रचलित असलेले एक रोगनाम बाजूला सारून ‘स्किझोफ्रेनिया’ हे नवे नाव सुचविले. ग्रीक भाषेतील दुभंगणे आणि मन या अर्थाचे दोन शब्द जोडून त्यांनी ते घडविले होते. मराठी शब्द हा त्याचाच अनुवाद. त्या प्राध्यापकांचे नाव ऑयगेन ब्लॉयलर. मनोविकारशास्त्राच्या इतिहासात फ्रॉइड आणि युंग ही नावे सर्वतोमुखी झाली. त्या दोघांशीही निकटचा संबंध आलेले ब्लॉयलर मात्र सामान्य वाचकाला अपरिचित राहिले. जगात आज सुमारे ३४५ माणसांमागे एक जण या आजाराने ग्रस्त आहे, असा जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेब आहे. एवढ्या माणसांच्या केसपेपरवर ज्याने दिलेला शब्द लिहिला जातो, त्याचे चरित्र पाहण्याजोगे आहे.

ब्लॉयलर यांचा जन्म ३० एप्रिल १८५७ रोजी झोलिकॉन या गावी झाला. आज ते झुरिक शहराचे उपनगर आहे; त्या काळी ते सरोवराच्या काठावरील शेतकऱ्यांचे खेडे होते. वडील व्यापार पाहत, पण घराण्याची मुळे शेतीतील. या भागातील खेडुतांना शहरी सरदार-व्यापारी वर्गाच्या वर्चस्वातून मोकळीक मिळून तेव्हा फार दिवस झाले नव्हते. १८३३ साली झुरिकला विद्यापीठ स्थापन झाले, ते आपल्या मुलांना शिकता यावे म्हणून, अशी खेड्यापाड्यांतील लोकांची भावना होती. परंतु विद्यापीठात आणि पुढे १८७० साली उघडलेल्या बुर्गहोल्झ्ली या मनोरुग्णालयात मोठ्या जागांवर आले ते बहुतेक जर्मनीचे विद्वान. त्यांची विद्वत्ता वादातीत होती. अडचण होती ती भाषेची. झुरिक परिसरातील शेतकरी जी स्विस-जर्मन बोली बोलतो, ती ग्रंथांतील जर्मनपासून इतकी दूर आहे की परक्या जर्मनाला तिचा पुष्कळसा भाग कळतच नाही. हे प्राध्यापक मेंदूचे पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली तासन्‌तास पाहत आणि रुग्ण काय सांगतो आहे, ते मात्र त्यांना उमगत नसे.

गुडघा दुखत असेल तर बोट दाखवून भागते. मनाच्या आजारात मात्र तपासायचे ते रुग्णाचे बोलणेच असते. घरची भाषा एक, बाजाराची दुसरी आणि कचेरीची तिसरी, अशा गावांतून राहणाऱ्या आपल्या वाचकांना हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

ब्लॉयलर यांच्या घरी हा प्रश्न प्रत्यक्ष उभा राहिला. ऑयगेन शिकत असतानाच थोरली बहीण आना पाउलीना आजारी पडली. ती बोलेनाशी झाली, हालचाल मंदावली, तासन्‌तास एकाच स्थितीत राहू लागली. पुढे ज्याला कॅटॅटोनिया म्हटले गेले, तो या आजाराचा प्रकार. तिला बुर्गहोल्झ्लीत ठेवण्यात आले. आणि तेथील परके डॉक्टर आपल्या मुलीशी चार शब्द बोलू शकत नाहीत, हे घरच्यांनी पाहिले. आपल्याच लोकांतला, आपली बोली बोलणारा डॉक्टर हवा, ही गावात ऐकू येणारी मागणी या घरात निकडीची झाली असणार. ऑयगेन यांनी वैद्यकाचा, आणि त्यातही मनोविकारांचा, मार्ग निवडला त्यामागे हे कारण होते, असे त्यांचे चिरंजीव मॅनफ्रेड यांनी पुढे नमूद केले आहे.

१८८१ साली ते डॉक्टर झाले. त्याच वर्षी कार्ल लेहमान या सहाध्यायाबरोबर त्यांनी एक छोटा ग्रंथ प्रसिद्ध केला. ध्वनी ऐकला की काही लोकांना रंग दिसतात, असा त्याचा विषय. स्वतः ब्लॉयलर यांना हा अनुभव येत असे. दुसऱ्याच्या मनात जे घडते ते आपल्याला विचित्र वाटले, तरी त्याच्यापुरते ते खरे असते, ही जाणीव त्यांना तरुण वयातच झाली असावी. त्यानंतर बर्नजवळचे वाल्डाऊ रुग्णालय, पॅरिसला शार्को, म्युनिकला गुडेन असा शिक्षणप्रवास झाला. (हे गुडेन म्हणजे बव्हेरियाच्या राजाला वेडा ठरविणारे आणि १८८६ साली त्याच राजासह सरोवरात बुडून मृत्यू पावलेले डॉक्टर. बुर्गहोल्झ्लीचे पहिले संचालकही तेच.)

१८८६ साली, वयाच्या अवघ्या एकोणतिसाव्या वर्षी, ब्लॉयलर राइनाऊ येथील रुग्णालयाचे प्रमुख झाले. माझ्या मते त्यांच्या आयुष्यातील खरे विद्यापीठ हेच. ऱ्हाइन नदीच्या बेटावर बेनेडिक्टाइन पंथीयांचा एक पुरातन मठ होता. तो बंद झाल्यावर तेथे असाध्य ठरलेल्या रुग्णांची सोय करण्यात आली होती. झुरिकहून ज्यांची आशा सोडून दिली जाई, ती माणसे येथे येत आणि बहुधा येथेच संपत. रुग्ण शेकडो, डॉक्टर हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. महत्त्वाकांक्षी तरुणाला ही नेमणूक शिक्षेसारखी वाटली असती.

ब्लॉयलर तेथे बारा वर्षे राहिले. ते अविवाहित होते, मुक्काम रुग्णालयातच. सकाळपासून रात्रीपर्यंत ते रुग्णांच्या सहवासात असत. त्यांच्याबरोबर शेतावर काम करीत, फिरायला जात, नाटके बसवीत. आणि बोलत त्यांच्याच बोलीत. खिशात कागदाचे कपटे असत. कोण काय म्हणाला, कोणत्या शब्दावरून कोणत्या शब्दावर उडी मारली, काय ऐकून हसला, हे जागच्या जागी टिपले जाई. ज्याची बडबड निरर्थक म्हणून कोणी ऐकत नव्हते, तिच्यात त्यांना धागे सापडू लागले. कित्येक वर्षे कोपऱ्यात मूक बसलेल्या माणसाला भोवतालचे सगळे कळत असते, हे त्यांना येथे दिसले.

एकदा राइनाऊत विषमज्वराची साथ आली. सेवक कमी पडू लागले, तेव्हा ब्लॉयलर यांनी रुग्णांनाच मदतीला घेतले. ज्यांना कशाचेच भान नाही असे मानले जात होते, त्यांतील कित्येकांनी तापकऱ्यांची शुश्रूषा नीट, जबाबदारीने केली. साथ ओसरल्यावर त्यांतील पुष्कळ जण पुन्हा आपल्या जुन्या अवस्थेत गेले. मॅनफ्रेड यांनी सांगितलेली ही आठवण आहे. बुद्धी नष्ट झाली असती तर ती साथीपुरती कोठून आली असती? हा प्रश्न ब्लॉयलर यांच्या पुढील सर्व लेखनाच्या मुळाशी आहे.

१८९८ साली त्यांना बुर्गहोल्झ्लीचे संचालक आणि झुरिक विद्यापीठाचे प्राध्यापक म्हणून बोलावणे आले. ज्या संस्थेत बहिणीला दाखल करावे लागले होते, तिचे ते प्रमुख झाले. आईवडील निवर्तल्यानंतर पाउलीनाला त्यांनी आपल्या बिऱ्हाडी आणले. १९०१ साली हेडविग वासर यांच्याशी त्यांचा विवाह झाला. त्या स्वतः डॉक्टरेट मिळविलेल्या, दारूबंदीच्या चळवळीत झटणाऱ्या विदुषी होत्या. पाच मुले झाली. रुग्णालयाच्या आवारातील त्या बिऱ्हाडात आत्या एका खोलीत असे; येरझाऱ्या घाली, क्वचित बोले. मुले तिच्या अवतीभवती वाढली. एका प्रसंगी तिला खोलीतून बाहेर नेणे भाग होते आणि ती जागची हलत नव्हती. बळाचा वापर करायचा नाही असे ब्लॉयलर यांनी ठरविले; ते तिच्याशी कित्येक तास बोलत बसले; शेवटी ती उठली, कपडे घालून त्यांच्याबरोबर निघाली. हा प्रसंग त्यांच्या एका सहकाऱ्याने लिहून ठेवला आहे. १९२६ साली तिचा मृत्यू झाला, तोवर ती भावाजवळच होती.

ब्लॉयलर आले तेव्हा या आजाराला हायडेलबर्गचे थोर मनोविकारतज्ज्ञ एमिल क्रेपेलिन यांनी दिलेले ‘डिमेन्शिया प्रिकॉक्स’ हे नाव होते. त्याचा अर्थ तरुणपणीच येणारा बुद्धिऱ्हास. क्रेपेलिन यांची कामगिरी मोठीच. वेडाच्या गोंधळातून त्यांनी दोन मोठे आजार वेगळे काढले. एक हा, आणि दुसरा उन्माद व विषाद आलटून पालटून येणारा. पण त्यांनी हे ओळखले ते प्रामुख्याने शेवटावरून. ज्याची अखेर बुद्धिऱ्हासात होते तो हा आजार, अशी व्याख्या केली की निदान म्हणजेच शिक्षा ठरते. आईबापांना डॉक्टरांनी हे नाव सांगायचे, म्हणजे तुमचा मुलगा आता संपला असे सांगायचे.

ब्लॉयलर यांनी बुर्गहोल्झ्लीत आठ वर्षांत आलेल्या ६०० हून अधिक रुग्णांच्या नोंदी तपासल्या. आजार नेहमीच तरुणपणी सुरू होत नाही आणि नेहमीच ऱ्हासाकडे जात नाही, असे त्यांना आढळले. पुष्कळ जण घरी परतले होते, कामधंदा करीत होते. नावातील दोन्ही शब्द अशा रीतीने लटके पडले. बर्लिनच्या व्याख्यानात त्यांनी हेच मांडले आणि १९११ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या बृहद्‌ग्रंथात विस्तारले. त्या ग्रंथाच्या शीर्षकात त्यांनी अनेकवचन वापरले आहे: स्किझोफ्रेनियांचा समूह. हा एक आजार नसून एकासारखे दिसणारे अनेक असावेत, अशी त्यांची धारणा होती. वाचक पुढे ते अनेकवचन विसरले.

दुभंगणे म्हणजे काय, हे येथे सांगायला हवे, कारण त्या शब्दाने फार घोटाळा केला आहे. एका देहात दोन माणसे, सकाळी एक आणि रात्री दुसरा, हा चित्रपटवाल्यांचा स्किझोफ्रेनिया. ब्लॉयलर यांचा नव्हे. विचार, भावना आणि इच्छा हे निरोगी मनात एकमेकांचा हात धरून चालतात. या आजारात तो हात सुटतो. एका विचाराला दुसरा जोडणारी कडी निसटते आणि वाक्याचा शेवट भलतीकडेच जातो. दुःखाची बातमी सांगताना चेहरा कोरा राहतो. एकाच गोष्टीची ओढ आणि तिटकारा एकाच वेळी वाटतो. ताटावर बसावेसे वाटते आणि वाटतही नाही, घास हातात तसाच राहतो. या अवस्थेला त्यांनी दिलेले ‘अँबिव्हॅलन्स’ हे नाव आज साहित्यसमीक्षेतही वावरते. माणूस बाहेरच्या जगाकडे पाठ फिरवून आपल्या आतील जगात राहू लागतो. त्याला त्यांनी ‘ऑटिझम’ म्हटले. लहान मुलांच्या एका वेगळ्या अवस्थेसाठी तो शब्द १९४३ नंतर उसना घेतला गेला आणि तिकडेच रुजला.

भास आणि भ्रम, म्हणजे कानात येणारे आवाज, कोणी पाठलाग करीत आहे हा पक्का समज, ही लक्षणे आपल्याला सर्वांत आधी दिसतात. ब्लॉयलर यांनी ती दुय्यम मानली. आजाराच्या मुळाशी मेंदूतील काही शारीरिक बिघाड असावा, असे त्यांना वाटे. पण भासांतून काय ऐकू येते, भ्रमात शत्रू कोण असतो, हे त्या माणसाच्या आयुष्यातून, त्याच्या भीतीतून आणि इच्छांतून येते, असे त्यांचे म्हणणे होते. म्हणजेच रुग्णाचे ऐकले तर अर्थ लागतो. आजचे निदानग्रंथ भास-भ्रमांना त्यांच्यापेक्षा अधिक महत्त्व देतात. डॉक्टरांमध्ये एकवाक्यता आणायची तर ते सोयीचे आहे. ब्लॉयलर यांची लक्षणे सूक्ष्म होती, आणि त्यामुळे हा शिक्का नको त्या माणसांवरही बसू लागला, हा आक्षेप खरा आहे.

युंग १९०० च्या डिसेंबरात त्यांच्या हाताखाली रुजू झाले आणि १९०९ पर्यंत होते. त्यांच्यामार्फत फ्रॉइड यांच्याशी दुवा जुळला. एका विद्यापीठाच्या मनोविकार विभागाने फ्रॉइड यांची दखल गांभीर्याने घ्यावी, ही तेव्हा मोठी गोष्ट होती. पण शास्त्रात पंथ नको, असे म्हणत ब्लॉयलर १९११ साली त्यांच्या संघटनेतून बाहेर पडले. त्या कलहाबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे. येथे एवढे पुरे.

अधिक महत्त्वाचे आहे ते त्यांचे उपचार. औषध नव्हतेच. गुंगी आणणारी द्रव्ये होती. ती शांत करीत, बरे करीत नसत. १९२० नंतर त्यांच्याच रुग्णालयात क्लेझी या सहकाऱ्याने रुग्णांना अनेक दिवस औषधाने झोपवून ठेवण्याचा प्रयोग केला, त्यात काही दगावलेही. ब्लॉयलर यांचा स्वतःचा भर कामावर होता. प्रत्येकाला जमेल ते काम, रोजचा नेम, माणसांचा सहवास. आणि शक्य तितक्या लवकर घरी पाठवणी. वर्षानुवर्षे कोंडलेल्या काही रुग्णांना सगळ्यांचा विरोध पत्करून त्यांनी सोडले, तेव्हा ते बाहेर आश्चर्य वाटावे इतके नीट राहिले. रुग्णालयातील रिकामपण हाच एक रोग आहे, हे त्यांना दिसले होते. आत्महत्येच्या भीतीने रुग्णावर रात्रंदिवस पहारा ठेवण्याच्या प्रथेवर त्यांनी कठोर टीका केली. त्या पहाऱ्याने मरणाची इच्छा कमी होत नाही, उलट पोसली जाते. आणि बहुसंख्य रुग्णांचे हाल होतात ते समाजाला बोल लागू नये म्हणून, असे त्यांचे मत होते. १९११ साली हे लिहायला धैर्य लागत होते.

मार्च १९१९ मध्ये त्यांच्यासमोर एक जगद्विख्यात रुग्ण आला. नर्तक वास्लाव निजिन्स्की. वय अवघे तिशीचे. जानेवारीत सेंट मोरिट्झला त्याने लोकांसमोर अखेरचे नृत्य केले होते. ब्लॉयलर यांनी स्किझोफ्रेनियाचे निदान केले. त्यानंतरची निजिन्स्कीची तीन दशके रुग्णालये आणि घर यांमध्ये गेली. १९३८ साली इन्सुलिनचे झटके देण्यात आले. १९५० मध्ये लंडनला तो वारला. ऱ्हास अटळ नाही असे सांगणाऱ्या डॉक्टरांचा सर्वांत प्रसिद्ध रुग्ण मात्र सावरला नाही.

या चरित्रात एक काळा भागही आहे आणि तो झाकणे अप्रामाणिक ठरेल. आनुवंशिक दोष असलेल्यांना मुले होऊ नयेत, या त्या काळातील विचाराचे ब्लॉयलर समर्थक होते. त्यांचे पूर्वसुरी फोरेल यांनी झुरिकमध्ये मनोरुग्णांच्या नसबंदीला सुरुवात केली. ब्लॉयलर यांनी ती थांबविली नाही, लेखनातून पुरस्कारिली. त्यांच्या कारकिर्दीत अशा शस्त्रक्रिया होत राहिल्या, आणि कोंडलेल्या माणसाच्या संमतीला कितपत अर्थ असतो हे कोणीही समजू शकेल. ज्या बहिणीला त्यांनी आयुष्यभर सांभाळले, तिच्यासारख्यांचा वंशच वाढू नये असेही त्यांना वाटत होते. ही विसंगती त्यांना जाणवली होती की नाही, हे त्यांच्या ग्रंथांतून दिसत नाही.

१९२७ साली ते निवृत्त झाले आणि १५ जुलै १९३९ रोजी झोलिकॉनलाच वारले. पहिले खरे औषध त्यांच्या मृत्यूनंतर तेरा वर्षांनी आले. १९५२ मध्ये पॅरिसला डिले आणि डेनिकर यांनी क्लोरप्रोमाझिन वापरले आणि वर्षानुवर्षे भासांनी पछाडलेली माणसे शांतपणे बोलू लागली. आपल्याकडे सर्पगंधेचा उपयोग त्याआधीच ठाऊक होता. १९३१ साली गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी त्यावर निबंध लिहिला होता. त्या मुळीतील रिसर्पिन पाश्चात्त्य रुग्णालयांत काही काळ वापरले गेले, पण त्याने येणारे औदासीन्य आणि क्लोरप्रोमाझिनची सरशी यांमुळे ते मागे पडले. आजची बहुतेक औषधे मेंदूतील डोपामिन या द्रव्याचे कार्य आटोक्यात ठेवतात. त्यांनी भास आणि भ्रम बरेच ओसरतात. विचारांचे तुटणे आणि जगाकडे फिरवलेली पाठ, म्हणजे ब्लॉयलर यांनी मुख्य मानलेली लक्षणे, तितकी हटत नाहीत. हातपाय कापणे, अंग आखडणे, वजन वाढणे असे त्रासही होतात. बरे वाटू लागले की गोळ्या बंद केल्या जातात, आणि पुष्कळांचा आजार मग उलटतो. औषधाबरोबर काम, सोबत आणि समजून घेणारे घर लागतेच.

इंदूरला बाणगंगा, हैदराबादला एरागड्डा, कोकणातून पाहिले तर रत्नागिरी, बेळगावकडे धारवाड: ही गावांची आणि वस्त्यांची नावे आपण टोमणा मारताना किती सहज घेतो! झुरिककर ‘बुर्गहोल्झ्ली’ तसेच उच्चारीत आले आहेत. जपानमध्ये २००२ साली या आजाराचे जुने, मन फाटल्याचा अर्थ असलेले नाव अधिकृतपणे बदलण्यात आले. रुग्णांच्या कुटुंबीयांच्या संघटनेने त्याचा आग्रह धरला होता.

मॅनफ्रेड ब्लॉयलर यांचा जन्म १९०३ सालचा, आत्याच्या शेजारच्या खोल्यांत वाढलेले. तेही मनोविकारतज्ज्ञ झाले आणि १९४२ ते १९६९ बुर्गहोल्झ्लीचे संचालक होते. त्यांनी २०८ रुग्णांचा वीस वर्षांहून अधिक काळ स्वतः पाठपुरावा केला आणि १९७२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. सुमारे एक पंचमांश रुग्ण पूर्ण बरे झाले होते. उरलेल्यांतही आजार साधारणतः पहिल्या पाचेक वर्षांनंतर वाढत गेला नव्हता. पुष्कळांच्या बाबतीत तो हळूहळू ओसरत होता, काहींच्या तर दाखल झाल्यापासून वीस वर्षांनी.